मुखरू नालबंद आणि चंचलची नखं

दिनांक ८ जानेवारी २०२४ रोजी मी आलापल्लीच्या बाजारातून अडतीस हजार चारशे पंधरा रुपयांचा माल खरेदी केला. त्यात हिरडा, बेहडा, सुंठ, ओवा, हळद, जायफळ आणि गूळ होता. पोती जीपमध्ये चढवताना दुकानदाराने अदबीने विचारलं, "बाबूजी, घरी बाळंतीण हाये का?"

"सात जण आहेत," मी म्हणालो. "बाळंतीण एकही नाही. पाय दुखतात."

त्याने माल तोलणाऱ्याकडे पाहून मान हलवली.

मी वन विभागात लेखापाल आहे आणि पेद्दागुंडमच्या हत्ती कॅम्पाचा हिशेब माझ्याकडे आहे. दरवर्षी थंडीत आमच्या हत्तींना दहा दिवस सुट्टी असते आणि त्या सुट्टीत त्यांचं चोपिंग होतं. चोपिंग म्हणजे मोठ्या कढईत ही सगळी जडीबुटी शिजवायची, तिचा काळा लगदा करायचा आणि सोसवेल इतका गरम असताना तो हत्तींच्या पायांना चोपून चोपून लावायचा. त्याने तळव्याच्या भेगा भरतात आणि सांधे मोकळे होतात. वासाने सगळा कॅम्प बाळंतिणीच्या खोलीसारखा होतो, म्हणजे दुकानदार अगदीच चुकला नव्हता. मला इतक्या वर्षांच्या नोकरीत सलग दहा दिवस सुट्टी कधी मिळाली नाही, पण ते असो.

त्या वर्षी अडचण चंचलची होती. चंचल ही हत्तीण एका मोठ्या शहराच्या प्राणिसंग्रहालयातून आमच्याकडे आली होती. नाव चंचल, पण एका जागी उभी राहिली की संध्याकाळपर्यंत तिथेच. उभ्या उभ्या डुलायची, बस. जन्म सिमेंटवर गेला होता. जायला जागाच नव्हती, तर चालणार कुठे? आमचे हत्ती दिवसभर रानात हिंडतात, दगडगोट्यांवर त्यांची नखं आपोआप झिजतात. चंचलची नखं मात्र वाढून फाटली होती, आणि डाव्या पुढच्या पायाच्या एका नखाखाली सूज होती. आमच्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. रिना दुर्गे यांनी तिला पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हिची नखं घासावी लागतील. चोपिंगच्या दहा दिवसांत झाली तर उत्तम. कानस चालवणारा कुणी आहे का तुमच्याकडे?"

कॅम्पात माहूत होते, चारा कापणारे होते, कानस चालवणारं कुणी नव्हतं. मला मुखरूभाऊ आठवले.

पूर्वी मी भद्रावतीला असताना आठवडी बाजाराच्या कडेला एका लिंबाच्या झाडाखाली मुखरू नालबंद बसायचे. कागदावर त्यांचं नाव मुखरू झित्रू पेटकर, पण ते वाचून कुणी त्यांना हाक मारल्याचं मला आठवत नाही. बैलांना नाल ठोकणं हा त्यांचा धंदा. बैल आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि ठोकायची नाल. हे सगळं होईपर्यंत बैलाचा मालक तंबाखू मळत असायचा. मुखरूभाऊ सांगायचे, "म्या नाल ठोकलेला बैल कधी लंगडला नाई. लंगडला असन तं तो मनानं लंगडला." ते स्वतःच्या चपलांनाही नाल ठोकत. एक जोड अकरा वर्षं टिकला असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या चालण्याचा आवाज इतका यायचा की त्यांची बायको रुखमाबाई आवाज ऐकून चहाला आधण ठेवायची.

पुढे ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. आता तर लिंबाखाली मोबाइलच्या कव्हरांची गाडी लागते. मुखरूभाऊंचा मुलगा प्रवीण मोहर्लीला एका रिसॉर्टमध्ये कामाला आहे. त्याने वडिलांसाठी तिथेच गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. एक फेब्रुवारीपासून मुखरूभाऊंनी टोपी घालून, शिट्टी घेऊन, वाघ बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांना सलाम करायचा, आणि हत्यारं भंगारात द्यायची, असं ठरलं होतं.

मी फोन केला तेव्हा हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं. मग विचारलं, "हत्तीले नाल केवढी लागन, बाबूजी?"

"नाल नाही ठोकायची भाऊ. नखं घासायची."

पलीकडे हत्यारांची पिशवी खाली आपटल्याचा आवाज आला.

"निस्ती घासाची? ठोकाचं काईच नाई?"

"काहीच नाही."

"बरं," ते नाराजीने म्हणाले. "येतो."

डॉक्टरबाईंनी अट स्वच्छ सांगितली होती. दहा दिवसांत चंचलचे चारही पाय झाले, तर त्या शिफारस करतील, आणि दर दीड महिन्याने मुखरूभाऊंना या कामासाठी सरकारी बोलावणं येईल. नाही झाले, तर मोहर्लीचं गेट आहेच.

चोपिंगच्या पहिल्या दिवशी मुखरूभाऊ एसटीतून उतरले. खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि गळ्यात तीस हात दोर. मी म्हणालो, "दोर कशाला?"

"पाडाले."

मी समजावून सांगेपर्यंत ते टकटक करत पुढे गेले होते. चंचलला त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. खरं म्हणजे कुठलाही हत्ती प्रथमच इतक्या जवळून पाहिला. ते तिच्याभोवती लांबून एक फेरी मारून आले. बैलाच्या बाजारात मारतात तशी. मग चंचलचा माहूत लालसू, आमचा माडिया पोरगा, त्याच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "कोन्या अंगावर पाडता तुमी हिले?"

लालसूने कढईतला लगदा ढवळणं थांबवलं. "तुमाले जे अंग आवडन त्या अंगावर पाडा, भाऊ. आमी जरा तिकडं जाऊन उभे राहतो."

"मस्करी नोको करू बे. तीन बैल म्या एका हातानं पाडले."

"मंग तं एक हत्ती होऊन जाईन."

मुखरूभाऊंनी दोराचा फास केला. चंचलने तोपर्यंत डुलणं चालूच ठेवलं होतं, पण दोर दिसताच ती थांबली. कान पसरले. तिने सोंड लांब केली, मुखरूभाऊंच्या हातातला दोर हलकेच काढून घेतला, जशी मास्तरीण पोराच्या हातातली गोफण काढून घेते तशी, आणि मोहाच्या झाडावर भिरकावला. मुखरूभाऊ कधी पळाले ते मला दिसलं नाही, तोवर ते माझ्या मागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी माझ्या स्वेटरला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"बाबूजी," ते माझ्या पाठीतून म्हणाले, "हे जनावर पडत नाई."

"पाडायचं नाहीच आहे भाऊ. तिला पाय मागायचा."

"मागाचा?" त्यांना हे अजिबात पटलं नाही. "जनावराले मागाचं? चाळीस वर्सं झाली, म्या एकाही बैलाले विचारलं नाई."

आता मागायचं कसं, हाही प्रश्नच होता. आमचे बाकीचे हत्ती लालसूने हुकूम दिला की पाय उचलतात. चंचल त्याच्याकडे बघायची आणि डुलायची. लालसूने मराठीत सांगितलं, गोंडीत सांगितलं, हिंदीत विनवलं. गूळ दाखवला. तिने गूळ खाल्ला, पाय जमिनीवरच राहिला. लालसू वैतागून म्हणाला, "शयरातली हाये. इले इंग्रजी बोलणारा पायजे."

मुखरूभाऊंची तऱ्हा निराळी. ते कानस पाठीमागे लपवून, पाहुण्यासारखे हसत तिच्याकडे जायचे. चंचल वास घ्यायला सोंड पुढे करायची. की मुखरूभाऊ माघारी. नाल ठोकलेल्या चपलांनी दगडी फरशीवरून पळणाऱ्या माणसाचा आवाज दिवसातून अनेकदा यायला लागला. बाकीचे सहा हत्ती पायांना लगदा लावून घेत तमाशाला बसल्यासारखे बघत राहायचे. मुखरूभाऊंना रोज संध्याकाळी लालसू विचारायचा, "आज किती नखं झाली, भाऊ?"

"उद्या करतो. आज तिचा मूड नाई."

"तिचा का तुमचा?"

"दोघांचाबी नाई."

कॅम्पात मोबाइल लागत नाही. टेकडीवरच्या एका दगडावर चढलं तर लागतो. पाचव्या दिवशी मी तिथे ऑफिसला फोन लावायला गेलो, तर मुखरूभाऊ आधीच दगडावर उभे होते. प्रवीणचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, जमून नाई राह्यलं तं परत या ना. म्यानेजरले मी जबान देली हाये. बसाले खुर्ची हाये, दोन टाइम चहा हाये. काऊन जीव धोक्यात घालून राह्यले?"

"धोका नाई रे. गरीब हत्तीन हाये."

"मंग एक तरी पाय झाला का?"

मुखरूभाऊंनी फोन कानापासून दूर धरला आणि मोठ्याने म्हणाले, "आवाज कटून राह्यला! आवाज कटून राह्यला!" फोन बंद केला आणि दगडावरच बसले.

मी म्हणालो, "खुर्ची मिळते म्हणतो. वाईट काय आहे?"

"वाईट काई नाई, बाबूजी. पन हे हात पाहा." त्यांनी हात पुढे केले. नालेच्या लोखंडासारखेच काळे आणि वाकलेले. "ह्या हातानं आता सलाम मारू? तोही त्याईले, जे वाघ पाहाले येतात अन् हरीण पाहून जातात? सलाम माराले कोनीबी चालते. नाल ठोकाले मीच लागतो." हात मागे घेत म्हणाले, "म्हंजे, लागत होतो."

सातव्या दिवशी सकाळी मी कोठीत तांदूळ मोजत होतो. कोठीच्या दाराला लोखंडी आडव्या सळयांचं गेट आहे, पण खालच्या दोन सळया नाहीत. आमच्या एका टस्कराने पूर्वी मिठासाठी त्या उपसून काढल्या, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव दोनदा पाठवूनही मंजूर झाला नव्हता. अचानक चपलांचा ओळखीचा आवाज आला, या वेळी नेहमीपेक्षा घाईचा. मुखरूभाऊ कोठीत शिरले आणि त्यांनी गेट ओढून कडी लावली.

"काय झालं?"

"येऊन राह्यली!"

चंचल येत होती. इतक्या दिवसांत कुणी न हाकता ती प्रथमच स्वतःहून चालत होती. कारण पुढे कळलं. मुखरूभाऊंनी तिच्यासाठी आणलेल्या गुळातला मोठा खडा स्वतःसाठी खिशात ठेवला होता.

ती गेटसमोर येऊन थांबली. आम्ही दोघं तांदळाच्या पोत्यांमागे. ती गेटकडे बघत होती, सळयांमधून आमच्याकडे बघत होती. मग तिने एक मोठा श्वास सोडला, बरेच दिवस हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस सोडतो तसा. डावा पुढचा पाय उचलला, खालच्या मोकळ्या जागेतून अलगद आत घातला, आणि पुढच्या पोत्यावर ठेवला. नखं आमच्याकडे. आणि स्वस्थ उभी राहिली.

पोतं उसवलं. तांदूळ सळसळत बाहेर यायला लागला.

"तांदूळ!" मी ओरडलो. "भाऊ, माझा स्टॉक!"

"तांदूळ जाऊ द्या खड्ड्यात, बाबूजी," मुखरूभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे नखांवर खिळले होते. "पिशवीतली कानस द्या. मोठी."

मी दिली. त्यांनी हात लांब करून एकदा कानस फिरवली आणि मागे उडी मारली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. चंचलने डोळे अर्धे मिटले. मग मुखरूभाऊ तांदळात मांडी घालून बसले, आणि मी भद्रावतीच्या लिंबाखाली पाहिलेला माणूस मला पुन्हा दिसला. फुंकर मारायची, अंगठ्याने कड चाचपायची, कानस फिरवायची. तोंडाने तिला बैलासारखंच बोलणं चालू होतं. "हो माय, हो. झालं. काय हाल केले वं नखाचे." सुजलेल्या नखाला मात्र त्यांनी हात लावला नाही. पाय झाल्यावर चंचलने तो काढून घेतला, थांबली, आणि दुसरा आत दिला. मुखरूभाऊंनी खिशातला गुळाचा खडा मोठ्या कष्टाने तिला दिला. मागचे पाय कसे होणार याची आम्ही चर्चा करत होतो, तेवढ्यात ती वळली, गेटकडे पाठ केली आणि मागचा पाय आत सारला. कोठीत उजेड राहिला नाही. मी टॉर्च धरला.

लालसू बाहेरून ओरडला, "बाबूजी, आत काय चालू हाये?"

"सलून!" मुखरूभाऊ ओरडले.

दहाव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सगळं पाहिलं, आणि गेटआडून नखं घासणारे मुखरूभाऊ आणि बाहेर निवांत उभी असलेली चंचल बघून त्या हसत सुटल्या.

"अहो, तिकडे प्राणिसंग्रहालयात तिला असंच शिकवलं असणार. ती सळयांच्या आत, माणूस बाहेर. माणसाला धोका नको म्हणून तिने फटीतून पाय बाहेर द्यायचा. इथे मोकळ्यात तिला कळतच नव्हतं पाय द्यायचा कुठे. तुम्ही सळयांच्या मागे दिसलात, तिला वाटलं, आला आपला माणूस."

मुखरूभाऊंनी विचार केला. "म्हंजे आता पिंजऱ्यात मी हावो?"

"तिच्या मते तुम्हीच."

"असू द्या," ते म्हणाले. "काम होऊन राह्यलं ना."

पण खरं काम राहिलं होतं. सुजलेल्या नखाखाली पू झाला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नख इथे तासून वाट करून द्यायची. मी सांगते, तुम्ही तासा. दुखेल तिला. हे झालं तर माझी सही पक्की."

मुखरूभाऊंनी तासायची सुरी घेतली. मी तांदळाची पोती आधीच मागे सरकवून ठेवली होती आणि तिथे भुशाचं पोतं लावलं होतं. डॉक्टरबाई बोट दाखवत होत्या. सुरी पातळ पातळ काप काढत आत गेली, आणि पू आला.

चंचल किंचाळली. पाय मागे खेचला तो गेटसकट. चौकट भिंतीतून निघाली, विटा पडल्या, आणि चंचल गेट पायात अडकवून अंगणात दहा पावलं गेली. तिथे तिने पाय झटकला. गेट चिखलात पडलं.

धूळ खाली बसली. दार नव्हतं. तिच्या आणि मुखरूभाऊंच्या मध्ये काहीच नव्हतं. मुखरूभाऊ भुशावर बसलेले, हातात सुरी. पळायला मागे जागा नव्हती आणि या वेळी माझा स्वेटरही त्यांच्या हाताला येत नव्हता, कारण मी आधीच वरच्या फळीवर चढलो होतो.

चंचल परत आली. लंगडत, हळूहळू. मुखरूभाऊंच्या अगदी पुढ्यात उभी राहिली आणि सोंडेने त्यांचं डोकं हुंगलं. मुखरूभाऊंनी डोळे मिटले. तिने दुखरा पाय उचलला. पण खाली ठेवेना. हवेतच धरून इकडेतिकडे बघायला लागली.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "धुवायचंय अजून. बोलवा तिला."

मुखरूभाऊंनी एक डोळा उघडला. "गेट आना," ते कुजबुजले. "बाबूजी, लालसू, आधी गेट आना. तिले बी पायजे अन् मले बी पायजे."

अशा रीतीने मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि या विभागाचा लेखापाल, चिखलाने भरलेल्या गेटचं एक टोक धरून हत्तीच्या पुढ्यात उभा राहिलो. दुसऱ्या टोकाला लालसू. वाऱ्यानेसुद्धा पडेल असं ते गेट. चंचलने ते पाहिलं, श्वास सोडला, आणि खालच्या फटीतून पाय मुखरूभाऊंच्या मांडीशी ठेवला. त्यांनी जखम धुतली, डॉक्टरबाईंनी औषध भरलं, वर चोपिंगचा लगदा लावला. चंचल हलली नाही. माझे हात भरून आले होते, पण हलण्याची माझीही हिंमत नव्हती.

"बाबूजी," मुखरूभाऊ खालून म्हणाले, "गेट सरळ धरा ना. तिचं मन लागत नाई."

डॉक्टरबाईंनी त्याच संध्याकाळी शिफारस लिहिली. मुखरूभाऊ टेकडीवर जाऊन प्रवीणला सांगून आले. प्रवीण म्हणाला म्हणे, "गेटच सांभाळाचं होतं, तं मोहर्लीत काय वाईट होतं?" त्यावर मुखरूभाऊ म्हणाले, "तिथं गेटच्या भायेर माणसं रायतात."

महिनाभरात चंचलची जखम भरली. आता ती लालसूच्या मागे नाल्यापर्यंत चालत जाते, कधी त्याच्या पुढेही जाते. मुखरूभाऊ दर दीड महिन्याने येतात. लालसूने त्यांना अनेकदा सांगून पाहिलं, की तिच्या इतक्या ओळखीचे झालात, आता मोकळ्यात बसून घासा. ते ऐकत नाहीत. त्यांनी शिल्लक राहिलेल्या नालांचं लोखंड वितळवून सळयांचं एक हलकं, घडीचं गेट करून घेतलं आहे आणि ते घरूनच घेऊन येतात. मागच्या खेपेला ते परत जाताना मी त्यांना आलापल्लीच्या स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "हे काय हाये?" मुखरूभाऊ म्हणाले, "पिंजरा." "कोनाचा?" "माह्या." कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. मुखरूभाऊंकडे सुटे नव्हते, म्हणून ते मी भरलं.

त्या तिकिटाचे पंच्याऐंशी रुपये मुखरूभाऊंकडून अजून यायचे आहेत.